चिठ्ठी डब्याच्या पिशवीत ठेवतेय

भायखळा
बुधवार, रात्रीचे पावणेबारा

प्रिय बाळा,

सलाम आणि आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस म्हणून मी रागावलेली नाही. वॉर्डात फोन बंद ठेवावा लागतो हे मला कुणी सांगायला नको. आणि उचललास तरी मी काय बोलणार, दुसऱ्या वाक्याला माझा आवाज भरून येतो आणि तू "आई, ठेवतो" म्हणतोस. म्हणून लिहायला बसले. उद्या सकाळी थोरली डबा घेऊन येईल, त्या पिशवीत ही चिठ्ठी असेल. रूथला वाचायला दिलीस तरी चालेल. तुमच्या लेकीच्या, मिनूच्या हाती मात्र लागू देऊ नकोस, तिला आता जोडाक्षरंही वाचता येतात.

आधी डब्याचं सांगते. वरच्या कप्प्यात मऊ भात, मधल्यात मुगाचं वरण. कोथिंबीर वरून पेरलेली नाही, फोडणीतच शिजवली आहे. कच्चं काहीही द्यायचं नाही, काकडी नाही, चटणी नाही, बाहेरचं सरबत तर नाहीच. केळं धुऊन, पुसून, तिच्यासमोर सोलून द्या. ब्लड कॅन्सरच्या औषधांतल्या स्टिरॉइडमुळे मिनूला रात्री दोन वाजता भूक लागते, तेव्हा तिला "आत्ता कुठे खातेस" असं म्हणू नका. ती भूक तिची नाही, औषधाची आहे. मिनूचा चेहरा सुजलाय म्हणून रूथ रडते, तिला सांग की ते उतरतं. मी उतरलेलं पाहिलंय.

रात्रीच्या प्रार्थनेबद्दल मी काही लिहिणार नाही असं ठरवलंय.

रविवारी जिन्यात तू जे बोललास ते तीन दिवस माझ्या डोक्यात आहे. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, हातात हेल्मेट घेऊन. "तुझा देव एवढा चांगला आहे ना, मग मिनूच्या पाठीत सुई घालतात तेव्हा त्याला म्हणावं, येऊन दाखव." आणि मी काय म्हणाले? "असं बोलू नये, पाप लागतं."

बाळा, माझं चुकलं. मी घाबरले होते. पण देव काय आपलं बोलणं वहीत टिपून ठेवतो आणि लेकराच्या रक्ताच्या काउंटमधून वजा करतो? असा देव मी तुम्हा दोघांना कधी शिकवला नाही. पप्पांनी तर नाहीच. आणि घाबरल्यावर नेमका तोच माझ्या तोंडून बाहेर आला. तू जिना उतरून गेलास, खाली गाडी चालू केल्याचा आवाज आला, मी तिथेच कठड्याला धरून उभी राहिले. तू जे बोललास ती प्रार्थनाच होती, हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं. बायबलातल्या स्तोत्रांमध्ये यापेक्षा कडक बोलणं आहे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढून बघ. त्यात शेवटी सगळं ठीक झालं असं कुठे नाही, ते अंधारातच संपतं. तरी कुणी ते फाडून टाकलं नाही. मंडळीत शेकडो वर्षं वाचतात.

मावशीचंही सांगते. ती जे म्हणाली, की ज्याच्यावर परमेश्वर प्रीती करतो त्याला तो शिक्षा करतो, ते वचन इब्री लोकांस पत्रात आहेच. पण वचन खरं असलं म्हणून ते कुठेही, कुणालाही द्यायचं नसतं. मिनूला जे व्हिन्क्रिस्टिन देतात ते शिरेतूनच द्यायचं असतं. तेच औषध चुकून मणक्यात गेलं तर जीव घेतं. (घाबरू नकोस, म्हणून तर दोघं दोघं तपासून देतात, आणि मणक्याच्या औषधाशी त्याची गाठ पडू देत नाहीत.) औषध तेच, बाटली तीच, जागा चुकली. मावशीने रविवारी तसं केलं. पण घरी गेल्यावर तिने मला फोन केला आणि एक अक्षर न बोलता रडत राहिली. तिच्या पिशवीतून आणलेली बिस्किटं तू टेबलावर तशीच टाकून गेलास, ती मी मिनूसाठी ठेवली नाहीत, उघड्या पाकिटातली होती. पण तिला सांगितलं की मिनूने खाल्ली.

ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा आलेले त्याचे तीन मित्र आठवतात? लहानपणी संडेस्कूलच्या नाटकात तू त्यांतला अलीफज झाला होतास, माझी जुनी शाल पांघरून. ते मित्र आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्यापाशी जमिनीवर बसले, कुणी शब्द बोललं नाही. तेवढंच त्यांनी चांगलं केलं. आठव्या दिवसापासून समजावायला लागले, तुझं काहीतरी चुकलं असणार म्हणून. आणि शेवटी देव कुणावर रागावला? ईयोबावर नाही, ज्याने जन्मदिवसाला शाप दिला, देवाला कोर्टात खेचायची भाषा केली. रागावला तो समजावणाऱ्यांवर. म्हणाला, माझ्याविषयी माझा सेवक ईयोब जसं नीट बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. हे शेवटच्या अध्यायात आहे, बेचाळीस. आपण लोक पहिला अध्याय पाठ करतो, "परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले", आणि मधले चाळीस सोडून देतो.

तू त्या रात्री रूथला म्हणालास की आपण काय केलं होतं म्हणून हे झालं. रूथने मला सांगितलं, तिच्यावर चिडू नकोस. काहीही केलं नव्हतंत. शिष्यांनीही त्या जन्मांध माणसाकडे बोट दाखवून हेच विचारलं होतं, पाप कुणाचं, ह्याचं की ह्याच्या आईबापाचं. प्रभू म्हणाला, ह्याचंही नाही, आईबापाचंही नाही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, तेव्हाही त्याने हेच सांगितलं, ती माणसं बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती असं समजू नका. मिनूच्या हाडांच्या मगजात पेशी वेड्यासारख्या वाढायला लागल्या. का लागल्या ते बहुतेक मुलांच्या बाबतीत डॉक्टरांनाही सांगता येत नाही. त्याचा तुझ्या चर्च बुडवण्याशी काही संबंध नाही, तुमच्या बदलापूरच्या घराच्या कर्जाशी नाही, लग्नाच्या वेळी आत्याशी झालेल्या भांडणाशी नाही.

आणि आता एक सांगते, जे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मे महिन्यात मिनू माझ्याकडे होती तेव्हा मी तिला आंघोळ घालत होते. पोटरीवर निळे डाग होते, चार-पाच, रुपयाएवढे. एक कमरेपाशी. मी म्हटलं, कुठे धडपडलीस गं, आणि साबण लावला. कमरेवर कोण धडपडतं? मी अडतीस वर्षं नर्स होते, बाळा. मिरजेला शिकत असताना आमच्या सिस्टर ट्यूटर म्हणायच्या, लहान मुलाच्या अंगावरचा डाग जिथे असायला नको तिथे असला तर दोनदा बघा. मी एकदाच बघितलं. तुम्ही पहिल्या दवाखान्याला दोष देता, तिथे तीन आठवडे व्हायरल ताप म्हणून गोळ्या दिल्या, ते खरंच आहे. पण त्यांच्याआधी मी पाहिलं होतं. तेव्हा पाप कुणाचं हा प्रश्न रात्री मीही विचारते, आणि मलाही तेच उत्तर धरून ठेवावं लागतं, ह्याचं नाही, तिचंही नाही. कधी ते धरलं जातं, कधी सुटतं.

बघ, मी उपदेश करणार नाही असं ठरवून चार पानं उपदेशच केला. माफ कर. दिवसभर घरात एकटी असते ना, बोलायला भिंतच असते.

मला खरं तर बाळूबद्दल, तुझ्या आधीच्या भावाबद्दल लिहायचं होतं. तुझ्यासमोर आम्ही कधी बोललो नाही. पप्पांना चालायचं नाही. 1988 च्या जूनमध्ये तो गेला, तेव्हा थोरली तीन वर्षांची होती. त्याचा ताप मला कळला नाही, इतकंच लिहिते. त्यानंतर मी दर रविवारी चर्चला जायचे, कारण आजी पदर खोचून दारात उभी असायची, नाही म्हणायची सोय नव्हती. पण गायचे नाही. उपासनेत सगळे उभे राहिले की मी उभी राहायची, गीतांचं पुस्तक उघडायची आणि ओठ मिटून घ्यायची. "देव चांगला आहे" हे शब्द त्यात आले की माझ्या पोटात कालवायचं. तिसऱ्या की चौथ्या रविवारी आजीने माझ्याकडे न बघता हळूच म्हटलं, "तू नुसतं पुस्तक धर. दोघींचं मी म्हणते." आणि तिने खरंच दोघींच्या आवाजात म्हटलं. तुला तिचा आवाज आठवतो ना, पत्र्यावर पाऊस पडावा तसा. पुढच्या बाकावरचे लोक वळून बघायचे. जूनपासून नाताळपर्यंत ती बाई दोघींचं गायली. नाताळच्या उपासनेत एका कडव्याच्या मध्येच माझ्या तोंडून आवाज निघाला, अर्धी ओळ, बेसूर. आजीने माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला नंतर कळलं. घरी येऊन तिने करंज्या तळायला घेतल्या आणि मला म्हणाली, पुरण जरा जास्त भर.

तिने मला त्या सहा महिन्यांत एकदाही समजावलं नाही. नगरच्या दुष्काळात वाढलेली बाई, तिने काय काय पुरलं होतं ते मला माहीत होतं. ती पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगायची, पण तेव्हा नाही, खूप नंतर, महिला मंडळाबरोबर केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनला गेलो होतो तेव्हा. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेले, 1880 ला भाऊ, 1882 ला नवरा पटकीने, आणि एकुलती मनोरमा ती 1921 ला. रमाबाई स्वतः पुढच्याच वर्षी, 5 एप्रिलला. त्या मधल्या महिन्यांत त्या मराठी बायबलच्या कामावर बसून राहिल्या. मी तिथे उभी राहून विचार करत होते की मुलगी गेल्यावर ही बाई "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" ही ओळ कशी लिहीत असेल. ठाऊक नाही. रमाबाईंचं नाव घेऊन तुला लाजवायचं नाहीये. त्यांनी केलं म्हणून तुलाही जमलं पाहिजे, असं कुठेच नाही. मला ते आठवलं, एवढंच.

माझ्या मनात जे आहे ते कफर्णहूमच्या त्या माणसाचं आहे, पक्षघाती, ज्याला चौघांनी बाजेसकट उचलून आणलं. दारात गर्दी होती म्हणून घराचं छप्पर उचकटून त्याला खाली सोडलं. तुला ही गोष्ट फार आवडायची, "छपराचे पैसे कोणी दिले?" असं विचारून तू पाळकसाहेबांना हैराण केलं होतंस. त्यात एक शब्द आहे, मी कितीतरी वर्षं वाचला आणि पाहिला नाही. लिहिलंय की "त्यांचा विश्वास पाहून" येशू त्या माणसाशी बोलला. त्यांचा. बाजेवरच्या माणसाचा विश्वास होता की नव्हता, काहीच लिहिलेलं नाही. कदाचित तो चिडलेला असेल, मला कशाला नेता म्हणत असेल. त्याचं काम एवढंच, बाजेवरून उतरायचं नाही. आणि उतरणार कसा, पाय कुठे होते.

गेल्या शुक्रवारी मिनूचे प्लेटलेट खाली गेले, तेव्हा प्लेटलेट द्यायला कोण कोण आलं ते मोज. तुझ्या ऑफिसातला दाढीवाला, थोरलीचा दीर, चर्चमधला पेटी वाजवणारा मुलगा, समोरच्या बिल्डिंगमधल्या भाभींचा धाकटा जो जुम्म्याची नमाज आटोपून टोपीवरच आला, आणि तो साताऱ्याचा माणूस ज्याचं स्वतःचं पोर शेजारच्या खाटेवर आहे. चार म्हणणार होते, पाच झाले. ती पिवळसर पिशवी, ताकाच्या निवळीसारखी, फ्रीजमध्येसुद्धा ठेवता येत नाही. बावीस डिग्रीवर सतत हलवत ठेवावी लागते, आणि पाचच दिवस टिकते. जास्त दिवस साठवता येतच नाही. म्हणून कुणाला तरी दर वेळी नव्याने येऊन दीड तास हात लांब करून बसावं लागतं. ती पिशवी लावताना मी तिथे होते, तू बाहेर पावती करायला गेला होतास. थेंब पडत होते आणि मी मिनूचा हात धरून बसले होते. मला त्या वेळी कुणी विचारलं असतं की देव चांगला आहे का, तर मी हो म्हटलं असतं. परवा रात्री विचारलं असतं तर गप्प बसले असते. आज बुधवार आहे, आज हो म्हणते.

रोग चांगला आहे असं मी कधीही म्हणणार नाही. देवाने तो धडा म्हणून पाठवला असंही नाही. शुभवर्तमानात प्रभूने एकाही आजाऱ्याला असं सांगितलेलं नाही की हे तुझ्या भल्यासाठी आहे, राहू दे. जो आला त्याला बरं केलं. आणि आपल्या मित्राच्या, लाजरच्या कबरेपाशी, आता आपण ह्याला उठवणार हे माहीत असूनही, तो रडला. देव कसा आहे हे मला मिनूच्या रिपोर्टवरून कळत नाही. त्या रडणाऱ्याकडे बघून कळतं. वधस्तंभावर त्यानेही "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" असं मोठ्याने विचारलं, आणि त्याला त्या दिवशी उत्तर आलं नाही. तू जिन्यात जे विचारलंस ते त्यानेच आधी विचारून ठेवलंय.

सुईचं मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. मी किती लेकरं धरली असतील त्या सुईसाठी. कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीला, आणि आपण पुढून मिठी मारल्यासारखं घट्ट धरायचं, म्हणजे मणक्यांमधली जागा उघडते. हललं तर पुन्हा टोचावं लागतं, म्हणून सैल सोडायचं नाही. पोरं मला चावायची, लाथा मारायची, एका मुलीने मला "तू राक्षसीण आहेस" म्हटलं होतं. जिने धरलंय तीच दुखवतेय असं त्यांना वाटायचं. त्यांच्या छातीची धडधड माझ्या हातांना लागायची. घरी येऊन तुझं डोकं मांडीवर घेतलं तरी ती हातात असायची. देव सुई टोचतो असं मी म्हणत नाहीये, हा दाखला अर्ध्यातच मोडतो. पण तू म्हणालास की त्याला म्हणावं ये. मला एवढंच ठाऊक आहे की ज्या खोलीत ते लेकरू वळवून धरलेलं असतं, तिथे मी कधी एकटी नव्हते. हे मी शाबीत करू शकत नाही. अडतीस वर्षांत एकदाही तसं वाटलं नाही की एकटी आहे.

रात्रीच्या प्रार्थनेचं मी बोलणार नव्हते.

पाऊस पडतोय. रुळांपलीकडचे दिवे दिसत नाहीत. असाच पाऊस होता 26 जुलैला, 2005 साली, तुला आठवतंच असेल, पण मला माझ्या बाजूचं सांगू दे. सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला असं दुसऱ्या दिवशी कळलं. इकडे भायखळ्याला मात्र एवढा जोर नव्हता, म्हणून मला वाटत होतं की तुम्ही उशिरा का होईना याल. तू सायनला शाळेत अडकलास, आणि पप्पा विक्रोळीहून कारखान्यातून चालत निघाले. फोन लागत नव्हते. रात्री साडेअकराला तुम्ही दोघं दारात, तू बारा वर्षांचा घोडा आणि पप्पांचे खांदे सोलवटलेले. गांधी मार्केटपाशी कमरेच्या वर पाणी होतं तिथून त्यांनी तुला खांद्यावर घेतलं होतं. तू मला सांगत होतास, "मी पप्पांना विचारलं, मॅनहोल कुठे आहे माहितेय का, तर ते म्हणाले, नाही माहीत, तू फक्त गळ्याला धर." छत्रीच्या टोकाने रस्ता चाचपत आले. पप्पा तीन दिवस मान वळवू शकत नव्हते. तुम्ही परळवरूनच आलात ना त्या रात्री? आता जिथे मिनू आहे त्याच रस्त्याने. मला हे मघाशीच लक्षात आलं.

यातून तुला काही शिकवायचं नाही. पप्पा असते तर आज त्या वॉर्डाबाहेर स्टूल टाकून बसले असते, तुझ्याशी एक शब्द न बोलता. मला ते जमत नाही.

तू किती नीट सगळं करतोयस ते मी बोलले नाही अजून. तुझी ती वही मी पाहिली. पट्टीने रेघा मारून तारीख, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, ताप, औषधाची वेळ. अक्षर पप्पांचं. ताप शंभर पॉइंट चारला गेला तेव्हा वाहन शोधत न बसता तिला उचलून कॅज्युअल्टीत पळालास, ते केलंस म्हणून ते इन्फेक्शन वेळेत धरलं. कितीतरी शिकलेले लोक सकाळपर्यंत थांबतात. वॉर्डातल्या सिस्टर मला म्हणाल्या, "पेशंटचे वडील आमच्यापेक्षा आधी सांगतात पुढचा डोस कधी." मी काही बोलले नाही, पण स्टेशनपर्यंत चालत आले, बस नको वाटली.

मंगळवारी बोनमॅरोची तपासणी आहे. मला भीती वाटतेय. लिहू नये, पण लिहिते. पहिल्या टप्प्यानंतर रोग मागे हटलाय का ते त्यात दिसेल. बहुतेक मुलांत हटतो. मी ते किती वेळा पाहिलंय, पालकांना किती वेळा सांगितलंय, आणि आता स्वतःला सांगताना शब्द लागत नाहीत. हटला तरी अजून दोन-अडीच वर्षं औषधं आहेत, मध्येच सोडायची नाहीत, केस आले, गाल उतरले, शाळेत जायला लागली तरी नाही. आणि नाही हटला तर डॉक्टर दुसरा रस्ता सांगतील, तेव्हाही मी डबा घेऊन येईन. देव चांगला आहे हे मी मंगळवारच्या रिपोर्टवर अवलंबून ठेवलेलं नाही, असं मला लिहायचं होतं. लिहिलं. मंगळवारी संध्याकाळी मला तसं म्हणता येईल का ते मंगळवारी. नाही आलं तर थोरली म्हणेल, मंडळीतलं कुणीतरी म्हणेल, मी पुस्तक धरेन.

आता ते लिहूनच टाकते, नाहीतर झोप येणार नाही. सोमवारी तू औषध आणायला खाली गेलास तेव्हा मिनू माझ्याशी रूथच्या फोनवर बोलली. म्हणाली, "आजी, पप्पा आता रात्री प्रार्थना म्हणत नाहीत. मी एकटीच म्हणू का?" मी म्हटलं, म्हण की. ती म्हणाली, "पण 'रोजची भाकर'च्या पुढे मी विसरते, तिथे पप्पा सांगायचे." मग म्हणाली, "मला आता रोज दोनदा भूक लागते, मग दोनदा म्हणू का?" मी हो म्हटलं.

तू म्हणू नकोस. मनात नाही ते तोंडाने म्हणायला मी तुला सांगणार नाही, मी स्वतः सहा महिने म्हटलं नव्हतं. पण ती हात जोडते तेव्हा बाहेर जिन्यात जाऊ नकोस. खाटेच्या कडेला बस. "रोजची भाकर"च्या पुढे ती अडली की तो एक शब्द सांग. शाळेतला धडा अडला तर सांगशील तसा. आमेन ती म्हणेल.

एवढंच होतं. रागावू नकोस. रागावलास तरी डब्याचे रिकामे कप्पे थोरलीबरोबर परत पाठव, शनिवारी नाचणीची पेज करायची आहे, मोठा डबा लागेल. पिशवीत खाली पांढरा सुती स्कार्फ आहे, आजीच्या जुन्या लुगड्याचा केलाय, तीनदा उकळून धुतलाय, टोकांना शिलाई आतून घातली आहे म्हणजे मिनूच्या डोक्याला टोचणार नाही.

तुझी
आई